सेन्सर नवा, तरी काटा शून्यावर!

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गिअरची मोटार आहे. पावसाळ्यात चालता चालता वेगाचा काटा एकदम शून्यावर येतो, इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी एकच गिअर धरून बसते. उन्हात उभी राहिली की सुधारते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी०५०० आणि पी०७२२ हे कोड आले. सेन्सर बदलला, तरी पुढच्या पावसात पुन्हा तेच! आता गिअरबॉक्स खोलायला सांगतात. खोलावा का?
– एक वाचक, कुडवा, जि. गोंदिया

उत्तर : इतक्यात नको. कोणत्या सर्किटमधून हवा तसा सिग्नल आला नाही, एवढंच कोड सांगतो. दोष सेन्सरचा, वायरचा की कपलरचा, हे माणसालाच शोधावं लागतं.

कोड वाचणं सोपं आहे. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. पुढचं शून्य म्हणजे सर्व कंपन्यांसाठी एकच अर्थ असलेला कोड. तिथे १ असेल तर बहुधा कंपनीचा स्वतःचा. त्यानंतरचा ५ वेग व आयडलिंगसाठी, तर ७ ट्रान्समिशनसाठी. म्हणून पी०५०० म्हणजे गाडीच्या वेगाचा सिग्नल बिघडलाय आणि पी०७२२ म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या सेन्सरकडून सिग्नलच नाही. आपल्याकडे एप्रिल २०१३पासून मोटारींना ओबीडी-२ (गाडीने स्वतःच दोष ओळखून कोड नोंदवण्याची पद्धत) लागू झालं. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की हे कोड दिसतात.

बऱ्याच गाड्यांत काट्याला वेग कळतो तो या शाफ्टच्या सेन्सरकडूनच. त्यामुळे एक वायर तुटली तरी दोन्ही कोड येतात. वेग कळेना झाला की कॉम्प्युटर गिअर बदलण्याचा धोका पत्करत नाही, एकाच गिअरवर गाडी चालू ठेवतो. काही गाड्यांत मात्र वेग एबीएसच्या चाकांवरच्या सेन्सरवरून घेतात. तुमचा एबीएसचा दिवाही लागत असेल, तर आधी तिकडे बघा.

तुमच्या प्रश्नातच मोठा धागा आहे : पावसात बिघाड, उन्हात सुधारणा. गिअरबॉक्सची झीज ऊन-पाऊस बघत नाही. तेव्हा संशय कपलरवर. तो काढून पिना बघा. हिरवट-पांढरा थर किंवा ओल दिसली तर चोर तिथेच आहे. वायरिंग शेवटपर्यंत हाताने चाचपा. भात गिरण्यांच्या गोंदियात उंदरांना काय कमी? बॉनेटमध्ये शिरून ते वायरी कुरतडतात.

मग मल्टिमीटर. तीन वायरींच्या सेन्सरला इग्निशन चालू असताना कंपनीने सांगितलेला पुरवठा (साधारण ५ किंवा १२ व्होल्ट) पोचतो का, अर्थिंग पक्कं आहे का, ते तपासा. वाचन बघताना वायर हलवा. आकडा उडाला तर तुटका भाग सापडला.

यानंतर स्कॅनरवर चालत्या गाडीचे आकडे बघायला सांगा. समजा, तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.५ आहे आणि आत येणारा शाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेतोय. बाहेरच्या शाफ्टचे २,००० हवेत. गाडी पळत असून तिथे शून्य दिसलं, तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. आकडा स्थिर आहे, पण १,७०० एवढाच, तर आत क्लच घसरतोय. तेव्हा पी०७३०सारखा चुकीच्या गुणोत्तराचा कोड येतो. अशा वेळी आधी तेलाची पातळी व रंग बघावा. गिअरबॉक्स खोलण्याचा विषय त्यानंतरचा.

एक काळजी घ्या. कोड उडवण्याआधी त्याच्यासोबत साठवलेली नोंद (त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान) फोटो काढून ठेवा. कोड उडवला की तीही जाते.

थोडक्यात, आधी कपलर, मग वायरिंग, मग चालत्या गाडीचे आकडे. शून्य आणि घसरण यांतला फरक स्कॅनरवर दाखवल्याशिवाय गिअरबॉक्स खोलायला होकार देऊ नका.