गठाणीतली सुतळी

प्रश्न : अकोल्यात आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. रुईत प्लास्टिक, सुतळी निघते म्हणून सूतगिरणीवाले ओरडतात. नवे सफाईयंत्र घ्यावे का?

उत्तर : एवढ्यात नको. 2000 साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून अनेक जिनिंगचे आधुनिकीकरण झाले, ते चांगलेच. पण सुतळी एकदा जिनमध्ये गेली की तिचे तंतू होतात, मग ती निघत नाही. म्हणून कचरा नेमका कुठे शिरतो ते आधी टिपा : गाडी रिकामी होताना, की गंजीवर? कापूस निवडणाऱ्या बायांना हे पक्के ठाऊक असते, त्यांना विचारतो कोण! मग उपाय एकाच गंजीवर करून पाहा : प्लास्टिकच्या पोत्यांऐवजी सुती कापड, वेचलेल्या कचऱ्याचे रोज वजन. फरक दिसला तरच सगळीकडे लावा. आणि हे दिवाळीआधीच करा. आवक वाढल्यावर मुकादम ऐकणार नाही.