बंदरातला बिनबोलावता पाहुणा

गाजर गवत तुम्ही पाहिले आहे. ते आपल्या देशातले नव्हे. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास दिसले. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले, असे सांगतात. आधी कोणी लक्ष दिले नाही. आता उपटून उपटून शेतकरी थकला.

समुद्रातही असेच घडते.

सोपानराव वडाळ्याला बहिणीकडे आले होते. तिचे यजमान गोदीत कामाला. सोपानरावांनी विचारले, "दाजी, समुद्रात कुठलं आलं तण?"

दाजी म्हणाले, "तण नाही, शिंपले येतात. रिकामं जहाज हलकं असतं. लाटांवर डुलतं. म्हणून त्याच्या पोटात समुद्राचं पाणी भरतात. ते तोलाचं पाणी. परदेशात भरलेलं पाणी इथं माल चढवताना सोडलं, की त्यातले बारीक जीव आपल्या खाडीत उतरतात. काही तर जहाजाच्या बुडाला चिकटूनच येतात."

काळ्या पट्ट्यांचा शिंपला हा असाच पाहुणा. मूळचा अमेरिकेकडच्या उष्ण समुद्रातला. आकाराने बोटाच्या पेराएवढा. १९६७ साली तो विशाखापट्टणम बंदरात सापडला. पुढे मुंबईतही सापडला. भिंतींवर, साखळ्यांवर, नळांत तो थरावर थर बसतो. नळ तुंबतात. इथल्या जीवांची जागा तो बळकावतो. शिंपल्या-कालवे विकून पोट भरणाऱ्यांना त्याचा धोका असतो.

मग करायचे काय? नजर ठेवायची. तज्ज्ञ गोदीच्या पाण्यात फळ्या टांगतात. काही दिवसांनी वर काढून कोणते जीव बसले ते पाहतात. भिंती खरवडतात. तळाचा गाळ तपासतात. बारीक जाळीने पाणी गाळतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने २००१ च्या सुमारास मुंबई बंदराची अशी पाहणी केली.

नजर ठेवल्याने काय होते? ऑस्ट्रेलियात डार्विन येथे १९९९ साली पाणबुड्यांना हाच शिंपला दिसला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता. म्हणजे नुकताच आलेला. लगेच बोटींच्या धक्क्यांचे दरवाजे बंद केले. पाण्यात औषध घातले. शिंपला मेला. आतले इतर जीवही मेले. पण बाहेरचा समुद्र वाचला.

तोलाचे पाणी नीट हाताळावे, असा करार अनेक देशांनी २००४ साली केला. तो २०१७ साली लागू झाला.

सोपानराव म्हणाले, "म्हणजे तण दोन पानांचं असतानाच उपटावं, तसंच की!"

दाजी हसले. "तसंच. पण उपटायचं तर आधी दिसायला पाहिजे. शेतात तुम्ही रोज फिरता. पाण्याखाली कोण फिरतो? म्हणून ही पाहणी."

प्रश्न
१. जहाजाच्या पोटात पाणी का भरतात?
२. गोदीच्या पाण्यात फळ्या का टांगतात?
३. तुमच्या शिवारात बाहेरून आलेले तण कोणते?