पेटीवरचा हात पियानोवर का दुखतो?

प्रश्न : माझी मुलगी लहानपणापासून पेटी शिकली. आता ती पियानो शिकते आहे. अर्ध्या तासात तिचं मनगट दुखू लागतं. सर म्हणतात, हात सैल ठेव. पण सैल हातानं मोठा आवाज कसा निघेल? आणि पूर्वी हाताच्या पाठीवर नाणं ठेवून सराव करत, ते बरोबर का?
— एक वाचक, गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दुखण्याचं मूळ बहुधा पेटीच्या सवयीत आहे. आपल्या शेजारच्या जालन्याचे पेटीवादक अप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांची साथ लक्ष देऊन ऐका. तिथला लहानमोठा आवाज भात्यातून येतो. बोट फक्त हवेची वाट उघडतं आणि सूर हवा असेल तोवर पट्टी दाबून ठेवतं.

पियानोत पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते. तळ गाठण्याच्या जरा आधीच आतली हातोडी सुटते, तारेवर आदळते आणि मागे येते. आवाज किती मोठा, हे त्या क्षणी हातोडीला मिळालेल्या वेगावर ठरतं. त्यानंतर पट्टी कितीही रेटली तरी सुरात काही फरक पडत नाही. सूर लांबवण्यासाठी ती खाली राहायला हवी हे खरं, पण त्याला बोटाचं आणि हाताचं वजन पुरतं. तुमच्या लेकीचं बोट बहुधा तिथेही जोर लावत राहतं.

तो जोर कुठे बसतो, हे घरीच पाहता येईल. डाव्या हाताचा पंजा उजव्या कोपराखाली ठेवा आणि उजवी अनामिका वरखाली करा. हालचाल कोपराजवळ जाणवेल! बोटं वाकवणारे मुख्य स्नायू तिथे आहेत. त्यांचे दोर मनगटातल्या अरुंद जागेतून बोटांपर्यंत जातात. मनगट फार वाकवलं की त्या दोरांना घासत जावं लागतं.

सैल म्हणजे लुळा मात्र नव्हे. नखाजवळचा सांधा आत मोडू द्यायचा नाही. सूर वाजला की उरलेला जोर लगेच सोडायचा, एवढंच. तपासायचं असेल तर एक सूर धरून ठेवायला सांगा आणि तुम्ही तिचं मनगट हळूच वरखाली हलवा. अडलं, तर जोर अजून तिथेच आहे.

नाण्याची पद्धत खरी आहे. जुन्या वाद्यांच्या पट्ट्या हलक्या असत, नुसती बोटं पुरत. आजच्या पियानोसाठी ती मला अजिबात पटत नाही, कारण नाणं सांभाळताना मनगट आखडतं.

त्यापेक्षा पियानोवादक-संगीतकार शोपँची युक्ती करून पाहा. शिष्यांचा हात तो पांढरी एकवर न ठेवता पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात असा ठेवायला लावी. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर, अंगठा आणि करंगळी खाली पांढऱ्यांवर. पंजाला आपोआप गोलाई येते. पेटीवाल्या मुलीला या पट्ट्या तोंडपाठच असतील.

आणखी एक : घरी कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवत असाल, तर तो बहुतेक उंच पडतो. कोपर पट्ट्यांच्या पातळीला यावं म्हणून खुर्चीवर उशी द्या, पाय लोंबत असतील तर खाली पाट ठेवा. आणि वाजवणं थांबवल्यावरही दुखत राहिलं किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर सराव बंद करून आधी डॉक्टरांना दाखवा.