लिनक्सवरून फोनमध्ये रिंगटोन

अँड्रॉइड फोन केबलने लिनक्स संगणकाला जोडला, तरी तो पेन ड्राइव्हसारखा उघडत नाही. २०११ मधल्या अँड्रॉइड ३.० पासून फाइलींची ने-आण एमटीपी या पद्धतीने होऊ लागली. केबल लावल्यावर फोन बहुधा नुसता चार्ज होत राहतो. सूचनापट्टी खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते. स्क्रीन लॉक असेल तर फाइल मॅनेजरमध्ये फोनचे नाव दिसते, पण आत सगळे रिकामे. इथेच अनेकजण लिनक्सला बोल लावून एकामागून एक पॅकेजे टाकत सुटतात. फोन दिसतच नसेल, तर आधी केबल बदलून पाहावी. काही केबलींत फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच.

गाणे कापण्याचे काम संगणकावरच उरकावे. एमटीपीवरून फोनमधली फाइल जागच्या जागी संपादित करता येत नाही. तसा प्रयत्न केला की प्रोग्रॅम कुरकुरतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात तुकडा निवडणे सोपे, तर एफएफएमपेग या कमांडने कापणे झटपट. किती लांबीचा? भारतात दूरसंचार नियामक ट्रायने २०१९ मध्ये मोबाइलची घंटा वाजण्याचा काळ ३० सेकंद ठरवला. तेव्हा वीस सेकंदांच्या संथ आलापाने सुरू होणारे गाणे जसेच्या तसे टाकण्यात अर्थ नाही, मुखड्यापासूनच कापावे. शिवाय फोनचा स्पीकर एवढासा. त्यातून डग्ग्याचा घुमारा ऐकूच येत नाही, सनई मात्र बाजारातल्या गोंगाटातही कानावर पडते.

एमपी३ फाइलीच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता शिरते आणि टोन पुन्हा सुरू होताना अडखळल्यासारखी वाटते. याला उपाय म्हणजे ऑग व्हॉर्बिस हा फाइलप्रकार. त्या फाइलीत ‘अँड्रॉइड’ आणि ‘लूप’ हे शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, मध्ये अंडरस्कोअर देऊन टॅग म्हणून लिहावेत आणि त्याचे मूल्य ‘ट्रू’ ठेवावे. मग टोन सलग फिरते. हा टॅग फारसा कुणाला ठाऊक नसतो.

तयार फाइल इंटर्नल स्टोरेजमधल्या ‘रिंगटोन्स’ फोल्डरमध्येच ठेवावी. फोल्डर नसेल तर नेमक्या त्याच इंग्रजी स्पेलिंगने तयार करावा. अँड्रॉइड फोल्डरच्या नावावरून फाइलीची जात ओळखतो. ‘डाउनलोड’मध्ये पडलेली टोन त्याच्या लेखी नुसते गाणे असते आणि रिंगटोनच्या यादीत ती सहसा येत नाही. मेसेजच्या आवाजासाठी ‘नोटिफिकेशन्स’ आणि गजरासाठी ‘अलार्म्स’ असे वेगळे फोल्डर आहेत.

कॉपी होत असताना केबल उपटली तर फाइल अर्धवट राहते, आणि अशी फाइल कधी यादीत दिसूनही वाजत नाही. म्हणून फाइल मॅनेजरमधून फोन आधी अनमाउंट करावा. त्यानंतर सेटिंग्जमध्ये ‘साउंड’खाली टोन निवडावी आणि दुसऱ्या फोनवरून एकदा कॉल लावून पाहावा. यादीतल्या नमुन्यावर विसंबू नये: फोन सायलेंटवर किंवा रिंगचा आवाज शून्यावर राहिला असेल, तर ते कॉल आल्यावर नक्की कळते.