ठोके थांबतात तेव्हा...

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय आहे सस्पेन्स! पडद्यावर काहीच घडत नसतं, तरी आपण खुर्ची घट्ट धरून का बसतो?

गेल्या वर्षी आम्ही एक शॉर्टफिल्म केली. लोकेशन फुकटचं, कसबा पेठेतला आमचाच वाडा. तो पाडायचा ठरला होता, म्हणून घाई. गोष्ट एवढीच, की भर दुपारी एक मुलगी अंधाऱ्या जिन्यावरून वर जाते आणि वरच्या खोलीत कोणीतरी असतं. मी दर सेकंदाला कट मारला आणि पहिल्या फ्रेमपासून व्हायोलिनं वाजवली. आजी म्हणाली, "अगं, एवढा बँड वाजतोय म्हणजे कोणीतरी येणार हे कळलंच की! मग घाबरायचं कशाला?" तिनं राजा परांजपेंचा 'पाठलाग' (१९६४) थिएटरात पाहिलाय, म्हणजे ती तज्ज्ञच. त्यात समोरची बाई नायकाची मेलेली बायको आहे की नाही, हा प्रश्न लोंबकळत ठेवलाय.

पंचाईत अशी, की तोवर वाडा पाडून झाला होता. रीशूट कुठे करणार? जे होतं त्यातूनच वाचवायचं.

हिचकॉकचं म्हणणं प्रसिद्ध आहे. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण बॉम्ब त्याला आधी दाखवा आणि मग टेबलावर निवांत गप्पा चालू द्या, तो पंधरा मिनिटं तळमळेल. म्हणजे एडिटिंग हे कोणाला काय आणि कधी कळू द्यायचं याचं गणित आहे. मी वरच्या खोलीची कडी हलते तो शेवटचा शॉट उचलून सुरुवातीला टाकला. बस्स! आता आपल्याला माहिती आहे, तिला नाही. मग शॉट कमी कमी करत नेले, सहा सेकंद, चार, दोन. आणि दारापाशी सलग बारा सेकंद, एकही कट नाही. लय लागली की डोळा पुढच्या कटची वाट बघतो, तो आला नाही की जीव टांगणीला.

संगीताचं मला प्रभातनं शिकवलं. शांतारामांच्या 'कुंकू'त (१९३७) पार्श्वसंगीतच नाही, फक्त घरातले आवाज! उलट 'सायको'त (१९६०) हिचकॉकला न्हाणीघराचा प्रसंग संगीताशिवाय हवा होता, पण बर्नार्ड हरमननं तरीही तंतुवाद्यं वाजवली आणि तीच अमर झाली. म्हणजे नियम असा नाहीच. असो.

मी व्हायोलिनं उडवली आणि तांबट आळीतले हातोड्याचे ठोके रेकॉर्ड करून लावले. ठक्, ठक्, ठक्. आमच्या पेठेत तो आवाज कोणाच्या कानातही शिरत नाही, इतका रोजचा. मुलगी दाराला हात लावते आणि ठोके बंद.

तिथे आजीनं माझं मनगट गच्च धरलं. तो जिना ती कित्येक वर्षं चढलीये, वर फक्त धान्याची पिंपं होती हे तिला पक्कं ठाऊक!