बियांचे चिलखत आणि स्वयंपाकघरातील दक्षता

कोल्हापूरच्या मिसळीत मोड आलेल्या मटकीला मानाचे स्थान आहे. मटकी रात्री भिजत घालावी, सकाळी निथळून फडक्यात बांधावी आणि दुसऱ्या दिवशी टपोरे मोड काढावेत, हा घरोघरचा परिपाठ होय. त्या पुरचुंडीत ओल, ऊब आणि पोषण एकत्र येतात. बीज रुजण्यास ती आवश्यक असतात, तशीच जंतूंच्या वाढीसही अनुकूल असतात. मग जंतूंनी भरलेल्या मातीत बी कुजून न जाता रुजते कसे? या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग बियांतील सूक्ष्म प्रथिनांत सापडतो.

बीजाचे संरक्षक

१९४२ साली अमेरिकेतील संशोधकांनी गव्हाच्या पिठातून ‘प्युरोथायोनिन’ हे प्रथिन वेगळे केले. काही जीवाणू आणि यीस्ट यांचा ते नाश करते, असे दिसून आले. पुढे मुळा, चवळी आदींच्या बियांतही अशी छोटी प्रथिने आढळली. त्यांना पेप्टाइडे म्हणतात. अमिनो आम्लांच्या सुमारे पन्नास मण्यांची ही माळ गंधकाच्या बंधांनी घट्ट गुंफलेली असते. यांपैकी अनेक पेप्टाइडांवर धन विद्युतभार असतो, तर जीवाणूंच्या आवरणावर ऋण. साहजिकच ती आवरणाकडे ओढली जातात व त्यास भेदतात. आतील द्रव्य बाहेर झिरपून जीवाणू मरतो.

२००६ साली ब्राझीलमधील संशोधकांनी चवळीच्या बियांतील अशा एका पेप्टाइडाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अन्नातून बाधा करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय या जीवाणूंवर ते प्रयोगशाळेत परिणामकारक ठरले.

आशा आणि मर्यादा

अन्न टिकविण्यासाठी पेप्टाइड वापरण्याची कल्पना नवी नाही. जीवाणूपासून मिळणाऱ्या ‘निसिन’ला जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने १९६९ मध्येच मान्यता दिली. बियांतील पेप्टाइडांची वाट मात्र अधिक बिकट आहे. बियांत त्यांचे प्रमाण अल्प असते आणि ती शुद्ध स्वरूपात मिळविणे खर्चाचे असते. शिवाय काही थायोनिने प्राण्यांच्या पेशींनाही अपायकारक ठरतात. म्हणून सुरक्षिततेची कसून तपासणी अपरिहार्य आहे.

मेथीच्या मोडांचा धडा

बियांना निसर्गाने चिलखत दिले, म्हणून मोड निर्जंतुक असतात असे समजणे धोक्याचे आहे. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ उद्भवली. हजारो लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. तपासाचा माग मेथीच्या बियांपासून वाढविलेल्या, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या मोडांपर्यंत पोहोचला. बियांच्या सालीच्या खाचांत दडलेले थोडे जंतूही मोड येताना झपाट्याने वाढतात. बीजाचे संरक्षण रोपासाठी असते. आपल्या ताटासाठी नव्हे.

म्हणून गृहिणींनी व उपाहारगृहचालकांनी कडधान्य स्वच्छ पाण्याने धुवावे, शुद्ध पाण्यात भिजवावे आणि फडके उकळून घ्यावे. मोड लगेच वापरायचे नसल्यास शीतकपाटात ठेवावेत. बुळबुळीत झालेले किंवा वास येणारे टाकून द्यावेत. मुख्य म्हणजे मटकी नीट शिजवावी. वरून गरम कट ओतल्याने कच्चे मोड शिजत नाहीत. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना तर कच्चे मोड देऊच नयेत.

बियांतील पेप्टाइडे उद्या अन्नरक्षणास कदाचित साहाय्यभूत होतील. आज मात्र स्वच्छ हात, शुद्ध पाणी आणि चुलीची आच हेच आपले खात्रीचे रक्षक आहेत.