घरगुती मत्स्यटाकीत क्रेफिशचे सहजीवन : संगोपनाची शिस्त आणि भातशेतीची सुरक्षितता

शोभिवंत माशांच्या बाजारात अलीकडे निळ्या, तांबड्या व नारिंगी रंगांचे क्रेफिश सहज दिसू लागले आहेत. शेवंडीची छोटी प्रतिकृती भासणारा हा कवचधारी प्राणी दिसावयास आकर्षक, काटक आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत फारसा चोखंदळ नसलेला असा आहे. त्यामुळे हौशी पालक एकाच टाकीत चार-पाच क्रेफिश सोडतात. काही आठवड्यांत त्यांपैकी एखादाच शिल्लक राहतो. काही वेळा कंटाळून उरलेले प्राणी जवळच्या ओढ्यात सोडले जातात. पहिली हानी टाकीपुरती असते. दुसरी मात्र संपूर्ण पाणलोटाची असू शकते. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी या दोन्ही बाजू समजून घेणे आवश्यक आहे.

परका प्राणी

भारतात क्रेफिशची एकही नैसर्गिक जाती नाही. बाजारात मिळणारा 'रेडक्लॉ' हा उत्तर ऑस्ट्रेलिया व पापुआ न्यू गिनी येथील, तर तांबडा 'दलदली क्रेफिश' हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील व ईशान्य मेक्सिकोतील. 'संगमरवरी क्रेफिश' १९९० च्या दशकात जर्मनीतील मत्स्यटाक्यांच्या व्यापारात प्रथम आढळला. या जातीत नर नसतोच. एकटी मादी नराविना पिले देते. म्हणजे टाकीतून निसटलेला एकच प्राणी नव्या वसाहतीस पुरेसा ठरतो.

भांडणाची कारणे

गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीचे, म्हणजे स्कँपीचे, तळे सांभाळणाऱ्या शेतकऱ्यास क्रेफिशचे वर्तन अपरिचित वाटणार नाही. स्कँपीच्या नरांत निळ्या नांग्यांचे वर्चस्वी नर, नारिंगी नांग्यांचे वाढते नर आणि खुंटलेले लहान नर अशी उतरंड असते. मोठे नर वेळोवेळी काढून घेतले की मागचे वाढू लागतात. क्रेफिशमध्येही अशीच वर्चस्वाची उतरंड असते. तळ्यात हरलेल्या प्राण्यास दूर सरकण्यास जागा असते. टाकीच्या चार भिंतींत ती नसते.

सर्वांत धोक्याचा काळ कात टाकण्याचा होय. वाढीसाठी क्रेफिशला जुने कवच टाकावे लागते. नवे कवच कठीण होईपर्यंत तो मऊ व असहाय असतो आणि टाकीतील सोबती त्यास खाऊन टाकतात. टाकीतील बहुतेक मृत्यू लढाईपेक्षा या काळात होतात. उपासमार, आडोशांची कमतरता आणि आकारातील तफावत ही उर्वरित कारणे आहेत.

एकत्र पाळावयाचे असल्यास

१. जागा : क्रेफिश तळावर वावरणारा प्राणी असल्याने टाकीच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. ६० सें.मी. लांब व ३० सें.मी. रुंद टाकी मोठ्या जातीच्या एकाच क्रेफिशसाठी योग्य समजावी. अनेक प्राणी ठेवावयाचे असल्यास मोठी टाकी घ्यावी अथवा जाळीचे कप्पे करावेत.

२. निवड : सर्व प्राणी एकाच जातीचे, जवळपास समान आकाराचे असावेत व एकाच वेळी सोडावेत. एका टाकीत एकच नर ठेवावा. रेडक्लॉच्या प्रौढ नराच्या नांगीच्या बाहेरील कडेवर तांबडा मऊ पट्टा असतो. मादीस तो नसतो. मेक्सिकोतील नारिंगी बटू क्रेफिश चार-पाच सें.मी. इतकाच वाढतो आणि समूहात राहण्यास मोठ्या जातींपेक्षा अधिक सोईस्कर ठरतो.

३. आडोसे : प्राण्यांच्या संख्येपेक्षा आडोसे अधिक असावेत. पीव्हीसी नळीचे तुकडे, मातीची छोटी मडकी किंवा नारळाच्या करवंट्या चालतात. नवा प्राणी सोडताना आडोशांची मांडणी बदलावी; जुन्या हद्दी मोडल्याने नवागतावरील हल्ले कमी होतात.

४. कात टाकताना : प्राणी खाणे सोडून लपून बसू लागला की त्यास वेगळ्या कप्प्यात घ्यावे. टाकलेले कवच काढून टाकू नये. त्यातील कॅल्शियम परत मिळविण्यासाठी प्राणी ते खातो.

५. आहार : प्राणी निशाचर असल्याने सायंकाळी बुडणारे गोळीखाद्य, उकडलेली भाजी व वाळलेली बदामाची पाने द्यावीत. बाजारातील कच्ची कोळंबी खाद्य म्हणून कदापि देऊ नये.

६. पाणी : सामू ७ ते ८ आणि तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस राखावे. अमोनिया व नायट्राइट शून्य असावेत. पाणी तापले की त्यातील विरघळलेला प्राणवायू घटतो, म्हणून उन्हाळ्यात हवा देणारा पंप अखंड चालू ठेवावा. हवेच्या नळीवरून क्रेफिश बाहेर चढतो; टाकीस घट्ट झाकण हवे.

७. विषबाधा : ताम्रयुक्त औषधे कवचधारी प्राण्यांस घातक असतात. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. शेतात फवारणी केलेल्या हातांनी टाकी हाताळू नये आणि त्या खोलीत डासनाशक फवारा वापरू नये.

टाकीपासून शेतापर्यंत

कुंभकोणमजवळील तिरुभुवनम् हे गाव रेशमी साड्यांसाठी आणि चोळ राजा तिसरा कुलोत्तुंग याने उभारलेल्या कंपहरेश्वर मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. हा तंजावर जिल्ह्याचा, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा भाग. कुरुवै, सांबा व तालडी हे येथील भाताचे हंगाम. नदीचे पाणी कालवे, उपकालवे व पाटांच्या जाळ्यातून शेताशेतांत खेळते. अशा गावात घरामागील गटार आणि भाताचे खाचर यांत फार तर एका पाटाचे अंतर असते. कोकणातील खलाटीची भातशेती, तिचे वहाळ आणि बांध यांची स्थितीही फारशी निराळी नाही.

दलदली क्रेफिश बांधात बिळे करतो. त्यामुळे पाणी झिरपते, बांध खचतात, आणि कोवळी रोपे व पाणवनस्पती कुरतडल्या जातात. जपानमध्ये हा प्राणी १९२७ साली पाळीव बेडकांचे खाद्य म्हणून आणला गेला आणि पुढे भातशेतांत व तळ्यांत पसरला. अखेर २०२३ पासून तेथे त्याची विक्री व त्यास मोकळे सोडणे यांवर बंदी आली; घरी पाळलेल्यांना मात्र सूट ठेवण्यात आली, कारण सरसकट बंदी आल्यास लोक तो घाईने पाण्यात सोडून देतील ही भीती होती. स्पेनमध्ये १९७४ साली ग्वादलक्विविर नदीच्या दलदलीत तो व्यवसायासाठी आणला गेला व तेथील भातखाचरांतही स्थिरावला. मादागास्करच्या भातप्रदेशात संगमरवरी क्रेफिश याच शतकात फैलावला आहे.

दुसरा धोका रोगाचा. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू कोळंबी, खेकडे व क्रेफिश या साऱ्यांना ग्रासतो. नागपट्टिनमचा किनारा असो वा रायगड, रत्नागिरी व पालघर, कोळंबी-शेतकऱ्यांनी या रोगाचे नुकसान भोगले आहे. आजारी क्रेफिश किंवा त्याच्या टाकीचे पाणी ओढ्यात गेल्यास विषाणूस नवे वाहक मिळू शकतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी सांगावयाच्या गोष्टी

• नको झालेला क्रेफिश नदी, पाट, विहीर वा तळ्यात सोडू नये. विक्रेत्यास परत करावा किंवा जबाबदार पालकास द्यावा. हे शक्य नसल्यास बर्फाळ पाण्यात बधिर करून गोठवावा व पाण्यापासून दूर खोल पुरावा.

• टाकीचे काढलेले पाणी गटारात न सोडता परसातील कोरड्या मातीत जिरवावे.

• उघड्या तळ्यात किंवा भातखाचरात क्रेफिशपालनाचा प्रयोग करू नये. परकीय जलचरांची आयात शासनमान्यतेशिवाय करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार व बाळगणे यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे.

• शेतात अनोळखी क्रेफिश आढळल्यास तो जिवंत इतरत्र नेऊ नये; छायाचित्र काढून मत्स्यव्यवसाय विभागास किंवा नजीकच्या कृषी विज्ञान केंद्रास कळवावे.

हौस असलेल्यांना देशी पर्यायही सुचवावा. आपल्या नद्या-ओढ्यांत आढळणाऱ्या लहान पारदर्शक कोळंब्या झाडे लावलेल्या टाकीत समूहाने राहतात व शेवाळ आणि उरलेले अन्न खातात. अर्थात एका नदीखोऱ्यातील कोळंबीही दुसऱ्या खोऱ्यात सोडू नये.

क्रेफिश एकत्र पाळता येतात. मात्र त्यासाठी जागा, आडोसे व कात टाकण्याच्या काळातील दक्षता या तिन्ही गोष्टींची तयारी हवी. ती नसल्यास एका टाकीत एकच प्राणी ठेवणे हिताचे. बांध राखणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा नियम एकच आहे : टाकीतील प्राणी टाकीबाहेरच्या पाण्यात कधीही जाता कामा नये.